चौथी प्लेट

लाइट येईपर्यंत बसा गुमान. सुशील, मोबाइल खाली ठेव रे. सुरभी, दार लोट गो, मच्छर येतात.

गोष्ट माझ्या मेव्हण्याच्या पोराची, सुजयची. आधीच सांगतो, समोरचा खोटंच बोलतोय असं धरून मी ऐकतो. याला तर मी तीन वेगवेगळ्या दिवशी सांगायला लावलं. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाय.

तारीख ११ मार्च २०२४, सोमवार. अमावास्या आदल्या दिवशीच सरली होती, तेव्हा तिच्यावर ढकलू नका.

सुजय पेणला डिझाइनची कामं करतो. हरेशशेटच्या गणपतीच्या कारखान्याचं घडीचं कॅटलॉग त्यानं केलं होतं. एका मोठ्या कागदावर एकवीस मूर्तींचे फोटो. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन रात्री साडेआठला बाइकवर निघाला तो निडी गावावरनं पावणेदहाला रोह्याच्या छापखान्यात. सकाळी छपाई लागायलाच हवी, नायतर शेट काम पनवेलला नेणार होता.

आता त्या कारखान्यात काळुराम म्हणून आखणीवाला होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. पेणात बाकीचं काम कुणीपण करील, डोळे नाय. तीस वर्षं ते यानंच काढले. तो बसला की कारखान्यात कुणी बोलायचं नाय, रेडिओसुद्धा बंद. शेवटी डोळ्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका द्यायचा आणि ब्रश वाटीच्या काठावर दोनदा आपटायचा. टक, टक. मग माणसं बोलायला मोकळी.

दिवाळीत तो गेला. त्याची बायको बायजाबाई सुजयकडे आली. म्हणाली, "पोरा, मला दुसरं काय नको. त्या कागदावर त्यांचं नाव तेवढं टाक."

"टाकतो काकी," म्हणाला हा. टाकलंपण. शेटनं बघितलं आणि म्हणाला, "नाव काढ. आखणी आमच्या कारखान्याची हाय." सुजयनं काढलं. पहिलंच मोठं काम, तोंड उघडायची छाती झाली नाय. काकीलाही कळवलं नाय, आणि ते त्याला आतून खात होतं.

छापखान्यात रात्रपाळीला केरू एकटा. रंगीत छपाईला चार प्लेटा लागतात, पत्र्याच्या. निळ्याची, गुलाबीची, पिवळ्याची, काळ्याची. चारी रंग एकावर एक बसले की चित्र पुरं. तीन प्लेटा झकास निघाल्या. चौथी, काळ्याची, केरूनं उजेडात धरली आणि सुजयला जवळ बोलावलं.

मुकुट होते. सोंडा होत्या. दागिन्यांची रेघ न रेघ होती. डोळे नव्हते. बेचाळीस जागा कोऱ्या.

सुजयनं कॉम्प्युटरवर बघितलं. तिथं डोळे जागच्या जागी. मग त्यानं केरूकडे बघितलं. केरू धरमतरकडचा, काळुरामच्याच गावचा, हे त्याला ठाऊक होतं.

"काळुराम तुझा कोण?"

"चुलत चुलता. का?"

"तू काय केलंस फाइलला?"

"फाइल तुझी, पेन ड्राइव्ह तुझा. मी बटण दाबलं."

याचा इस्वास बसेना. काळ्याची ती पहिली प्लेट भिंतीला टेकवली, केरूला पडवीत बसवलं आणि दाराला आतून कडी घातली. दुसरी प्लेट त्यानं आपल्या हातानं काढली.

कोरी.

मग... बाहेरचं कुत्रं भुंकायचं थांबलं. पंखा फिरत होता, पण आवाज नाय. सुजयला केरूला हाक मारायची होती. तोंड उघडलं. शब्द येईना. इथं आता बोलायचं नाय, एवढंच कळत होतं.

पाठीमागं कुणीतरी बसलं होतं. बघितलं नाय त्यानं. बघवेना.

हात माऊसवर गेला. नाव टाइप केलं. डोळ्यांची आखणी, कै. काळुराम. तिसरी प्लेट लावली.

डोळे आले... सगळे.

आणि पाठीमागं, भिंतीकडं...

टक.

टक.

कुत्रं परत भुंकायला लागलं. दारापलीकडनं केरू हळूच म्हणाला, "सुजय... तू वाजवलंस?"

"नाय."

कडी काढली. उजाडेपर्यंत दोघं एका बाकावर बसून होते, भिंतीकडे पाठ करून. सकाळी नावासकट छपाई लागली. शेटनं आकांडतांडव केलं, पुढचं सगळं काम पनवेलला दिलं. सुजयचं नुकसान झालंच. पण तो कागद घेऊन स्वतः बायजाबाईकडं गेला आणि नाव आधी काढलं होतं तेही सांगितलं. ती म्हणे नावावर बोट फिरवत बसली.

केरूनं ब्रश आपटला असेल म्हणता? मीपण तेच म्हटलं. पण कडी आतनं होती, आणि केरू पडवीत.

तिथं ब्रश कुठनं आला, विचारता? हां, ते राहिलंच. ती भिंतीला टेकवलेली पहिली प्लेट. छापखान्यात ती कुणी ठेवून घेईना, सुजयच्या आईनं घरात येऊ दिली नाय, म्हणून माझ्याकडं हाय. सुशील, त्या कपाटामागं बॅटरी मार. ते फडकं काढ. कोऱ्या जागा मोज, बेचाळीस भरतात.

काळ्याच्या प्लेटवर लाल रंग नसतो बाबांनो. मग कोपऱ्यातले हे ठिपके बघा.

हात लावू नको गो सुरभी. तो रंग अजून बोटाला लागतो.