निळी किनार

माझं काम घड्याळं दुरुस्त करण्याचं. उजवा हात स्क्रू फिरवतो, डावा नुसता घड्याळ धरून बसतो. दोन महिन्यांपूर्वी डाव्याला तेवढंही जमेना. बधिर. मी आधी खुर्ची बदलली, मग चष्मा. हात बदलता येत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलो. सोबत ताई आली.

डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा. टाचणी लागली की ‘हो’ म्हणा, नसेल लागली तर ‘नाही’. मी नऊ वेळा ‘नाही’ म्हणालो. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, “त्यांनी नऊच वेळा टोचलं. तू नेमका तेव्हाच ‘नाही’ म्हणायचास. मधे एकदाही नाही.”

रिपोर्ट स्वच्छ होते. हाताकडे लक्ष गेलं की तो रुसतो, डॉक्टर म्हणाले. काही विसरलायत का, असंही विचारलं. विसरलो असेन तर आठवेल कसं, असं मी म्हणालो. ते हसले नाहीत.

विसरलो नव्हतो, माझं लक्षच नव्हतं. हात बधिर होण्याच्या आठवडाभर आधी, दवाखान्यात मी बाबांचा हात डाव्या हातात धरून बसलो होतो. चारच्या ठोक्याला नर्स इंजेक्शन देऊन गेली आणि मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. एक माणूस चाळीस मिनिटं मळका गालिचा धुतो. व्हिडिओ संपला तेव्हा बाबा गेलेले होते. कधी, ते ठाऊक नाही. तेविसाव्या मिनिटाला गालिच्याची किनार निळी निघते, ते ठाऊक आहे. घड्याळजी आहे मी.

ताई चार वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याच्या फाटकाशी पोचली होती. मग अर्धा तास गाडीला जागा शोधत हिंडली. तेव्हापासून ती एकच विचारते, “मी फाटकाशी होते तेव्हा बाबा होते का रे?”

परवा दुकानात मी सहज तोच व्हिडिओ लावला. ताई हळूच म्हणाली, “बोटं बघ तुझी.”

डावा हात मिटला होता, कुणाचा तरी पंजा धरल्यासारखा. मी बघितलं तसा तो सुटला.

मग ठरलं. व्हिडिओ पहिल्यापासून लावायचा. मी हाताकडे बघायचं नाही. ताईने फक्त हाताकडे बघायचं आणि बोटं सुटतील ते मिनिट लिहायचं, तेच बाबांचं शेवटचं. दहाच्या आत सुटली तर तिचा दोष नाही. नंतर सुटली तर गाडी विकते, म्हणाली.

रविवारी दुकान बंद करून बसलो.

दुसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, “धरलंय.”

मी गालिचा बघत राहिलो. पाणी काळं निघालं. मग तपकिरी. मग स्वच्छ.

व्हिडिओ संपला. हात उघडा पडला होता.

“कितव्या मिनिटाला?”

कागद कोरा होता. ताई मोबाइलकडे बघत होती.

“किनार खरंच निळी आहे रे,” ती म्हणाली.

तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ दाखवत होती. मी डोळे मिटले, डॉक्टरांकडे मिटले होते तसे.

“नाही,” मी म्हणालो.

थोड्या वेळाने पुन्हा, “नाही.”