चौथा खांब कुठाय?

"सन सोळाशे... बन्सी, आधी ती शेळी सोड! हां, सन सोळाशे काय?"

"सोळाशे शेळ्या!" बन्सी ओरडला आणि लिंबाखाली बसलेली अकराच्या अकरा पोरं खो खो हसत सुटली. एकजण तर हसता हसता पाटीवरच आडवा झाला.

सारजानं कपाळावर हात मारून घेतला. तेरा वर्षांच्या मुलीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत कैऱ्या पाडायच्या, पत्र्याच्या डब्यात चिंचा साठवायच्या, मामाच्या गावी पैठणला जाऊन गोदावरीत डुंबायचं! ते सोडून ही आपली मास्तरीण झाली होती. त्याला कारणही तसंच होतं. शाळेच्या द्वारकाबाई पायरीवरून घसरल्या आणि पाय प्लॅस्टरमध्ये घालून घरी बसल्या. दर उन्हाळ्यात त्या मोहल्ल्यातल्या लहान पोरांना हौदाशेजारी लिंबाखाली शिकवायच्या. पोलीस ॲक्शनला सहा वर्षं होत आली होती. शाळा उर्दूच्या मराठी झाल्या, पुस्तकं बदलली, आणि पहिली-दुसरीतल्या पोरांची त्यात फार तारांबळ उडायची.

"गणित मजीद घेईल, इतिहास तू घे," बाईंनी पडल्या पडल्या हुकूम सोडला होता. मजीद म्हणजे शेजारच्या घरातला, सारजाच्याच वर्गातला. त्याच्या तासाला पोरं चिंचोके मोजत गुपचूप बसायची. सारजाच्या तासाला मात्र जत्रा!

तेवढ्यात मजीदची धाकटी बहीण वहिदा उभी राहिली. आठ वर्षांची, दोन वेण्या, समोरचे दोन दात पडलेले.

"सारजाताई, ते मलिक अंबर आपल्याच गावात राहायचे ना?"

"व्हय. तेव्हा गावाचं नाव खडकी होतं."

"मग त्यांना तहान लागली की ते पाणी कुठून प्यायचे?"

सारजानं पुस्तक चाळलं. लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या. तहान कुठंच नव्हती.

"बाईंना विचारून सांगते," ती पुटपुटली.

संध्याकाळी तिनं सगळी रडकथा बाईंपुढं मांडली. "बाई, मला नाही जमत. कुणी ऐकतच नाही. ती वहिदा तर काहीच्या बाही विचारते."

प्रश्न ऐकून बाई उशीवरून एकदम उठूनच बसल्या. "अगं वेडे, तुझ्या वर्गात पहिला खरा प्रश्न आला आणि तू रडतेस? उद्या पुस्तक मिटून ठेव. पोरांना घेऊन निघ आणि उत्तर शोधा. एकानं सांगितलं तर ऐकून घ्या, दुसऱ्याला विचारून ताडून बघा, आणि मग आपल्या डोळ्यांनी पाहून या. इतिहास असाच शिकतात, बाळ!"

सारजा घराकडं निघाली तर हौदापाशी ही गर्दी! हंडे-घागरींचा खणखणाट आणि त्यावर बायांचा कालवा. मोहल्ल्यातला हा दगडी हौद बारा महिने काठोकाठ भरलेला असायचा. आज त्याच्या तळाशी वीतभर गढूळ पाणी उरलं होतं आणि तोटीतून थेंबही येत नव्हता.

"आठ दिवस झाले, रोज उतरतंय," भागूबाई म्हणाल्या. "झरा आटला, दुसरं काय!"

"आटला तर आटला!" मागून भारदस्त आवाज आला. तात्यासाहेब! रेशमी फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. गावात घरं बांधून देणारे मोठे कंत्राटदार. "आता दोन वर्षांत घरोघर नळ येणार. हा डासांचा अड्डा हवाय कशाला? येत्या शुक्रवारी माझी माणसं माती टाकून बुजवून देतील. एक पैसा घेणार नाही. काय काकासाहेब?"

काकासाहेब म्हणजे सारजाचे वडील. कचेरीत कारकून, आणि मोहल्ल्यात त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी मान डोलावली. "पाणीच नाही म्हटल्यावर... ठीकाय."

"पण आबा, दोन वर्षं पाणी आणायचं कुठून?" सारजा बोलून गेली.

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नये," आबा म्हणाले. संपलं!

दुसऱ्या दिवशी सोमवार. हातात चारच दिवस! लिंबाखाली सारजानं पुस्तक मिटलं तशी अकरा डोकी आश्चर्यानं वर झाली.

"चला, उठा! आज आपण आपल्या हौदाचा इतिहास शोधायचा. पाणी येत कुठून होतं?"

"झऱ्यातून!" बन्सी म्हणाला.

"बिलकुल नाही!" मजीद म्हणाला. "आमची दादी सांगते, पाणी डोंगरातून यायचं. विचारू या तिलाच."

फहमिदादादी ओसरीत सुपारी कातरत बसली होती. तेरा पोरं अंगणात घुसलेली बघून तिचा अडकित्ता थांबला.

"झरा? कोण बोल्लं झरा?" ती भडकली. "अरे बेटा, ही नहर हाय नहर! जमिनीच्या पोटातून, खापराच्या नळांतून पाणी येतंय पार डोंगरापासून. मलिक अंबरनं बांधली, तीनशे साल झाले. माझे अब्बा नहरीवरच नौकर व्हते. जागोजागी विटांचे खांब हायेत, वरून पोकळ, खाली नहर. त्यात उतरून अब्बा गाळ काढायचे. आपल्या हौदापासून मैदानापातूर पाच खांब. अब्बांनी आपल्या हातानं त्याच्यावर आकडे कोरले, मी चुन्याचं डबडं धरून उभी व्हते. कान लावलं की पाणी बोलतंय त्यात!"

"पाणी बोलतं?" वहिदाचे डोळे बशीएवढे झाले.

"हौ! जाऊन ऐक की."

पोरं सुसाट सुटली! हौदामागच्या बोळात पहिला खांब सापडला. पुरुषभर उंच, काळ्या विटांचा, अंगावर पिंपळाचं रोपटं. रोज तिथं लपाछपी खेळत होते आणि एकानंही कधी विचारलं नव्हतं की हा आहे कशाचा! मजीदनं पानं बाजूला केली. एका दगडावर उभी रेघ कोरली होती.

"हा उर्दूतला एक," सारजा म्हणाली. पहिलीत ती अलिफ-बे गिरवूनच शिकली होती. वहिदा-बन्सीच्या वाट्याला ते आलंच नव्हतं. "कान लावा रे."

तेराही जणांनी आळीपाळीनं कान लावला. चिडीचूप.

दुसरा खांब तबेल्याच्या मागं. आकडा दोन, आवाज नाही. तिसरा बोरीच्या झुडपात. बन्सीचा सदरा फाटला, पण आकडा सापडला: तीन. तोही मुका! पुढं मोठं मोकळं आवार लागलं, काटेरी कुंपण घातलेलं. त्याला वळसा घालून पोरं मैदानात पोचली. तिथं एक उंच खांब होता.

वहिदानं त्याला कान लावला आणि किंचाळली, "बोलतंय! ताई, पाणी बोलतंय!"

सारजानं घाईघाईनं कान टेकवला. थंडगार विटांच्या आत खोल कुठंतरी खळखळ, खळखळ चालली होती. तीनशे वर्षं! पुस्तकात जे कुठंच नव्हतं ते इथं तिच्या कानाशी वाहत होतं.

"पाणी आटलेलं नाही!" मजीद ओरडला. "मग हौदात का येत नाही?"

"आकडा बघ," सारजा म्हणाली. विड्याच्या पानासारखा तो आकडा तिनं बोटानं गिरवला. "मजीद... हा पाच आहे."

"मग चार कुठाय?"

सगळ्यांच्या माना एकदम मागं वळल्या. तीन आणि पाचच्या बरोबर मधे तेच कुंपणाचं आवार होतं आणि आत विटा-मातीचा भला मोठा ढीग. ते आवार तात्यासाहेबांचं होतं! तिथं त्यांचं नवं गोदाम उठत होतं.

कुंपणातून मजीदनं डोकं आत घातलं तोच आतून आरोळी आली, "ए! कोण हाय रं तिकडं?" राखणदार फकिरा काठी आपटत आला. "पळा! साहेबांचा हुकूम हाय, कुणालाबी आत सोडायचं नाय!"

"फकिरामामा, इथं एक जुना खांब होता का हो?" सारजानं विचारलं.

फकिराचा चेहरा पडला. त्यानं एकदा ढिगाकडं बघितलं, एकदा पलीकडच्या साहेबांच्या बंगल्याकडं. "मला काय बी ठावं नाय," तो म्हणाला आणि पाठ फिरवून झपाझप चालू लागला.

"त्याला ठाऊक आहे!" मजीद कुजबुजला. "चल, आबांना सांगू."

त्यांनी सांगितलंही. आबा हसले. "तात्यासाहेबांसारखा माणूस पाणी अडवील? काहीतरीच! जा, खेळा."

सारजा रडकुंडीला आली. पण द्वारकाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्या गालातल्या गालात हसल्या. "मोठी माणसं ऐकत नाहीत ना? मग दाखवा त्यांना! वर्गाचा समारंभ ठेव. आणि तात्यासाहेबांना अध्यक्ष कर. अध्यक्षपद म्हटलं की ते जेवणसुद्धा सोडून येतात!"

तसंच झालं. "आमच्या इतिहासाच्या वर्गाचा समारंभ आहे. अध्यक्ष म्हणून आपल्यासारखा थोर माणूस हवा," असं सारजानं म्हणताच तात्यासाहेबांची छाती दोन इंच फुगली.

"आणि जागा?" त्यांनी विचारलं.

"लिंबाखाली फार गर्दी होते. आपल्या नव्या आवारात ठेवला असता, पण..."

"अगं, पण कशाला? ठेव की! लोकांना गोदामही दिसेल!"

गुरुवारी संध्याकाळी सगळा मोहल्ला आवारात लोटला. भागूबाई आल्या, आबा आले, दादी आली, आणि टांग्यातून पाय लांब करून द्वारकाबाईसुद्धा आल्या. मजीदनं बरोब्बर मोजूनमापून ढिगाच्या कडेला खुर्ची मांडली. तात्यासाहेब फेटा सावरत तिच्यावर बसले.

"या हौदाला पाणी कुठून येतं, हे आता आमचा वर्ग सांगेल," सारजा म्हणाली. "दादीच्या अब्बांनी नहरीवर पाच खांब मोजले होते. प्रत्येक खांबाशी आमचं एकेक मूल उभं आहे. ऐका!"

तिनं हात उंचावला. लांब बोळातून आवाज आला, "एक!"

तबेल्यामागून, "दोन!"

बोरीतून, "तीन!"

मग शांतता. लोक कान टवकारून बसले. आणि मैदानातून वहिदाचा बारीक, खणखणीत आवाज, "पाऽऽच! आणि इथं पाणी बोलतंय!"

"आँ? चार कुठाय?" भागूबाई म्हणाल्या.

"चार कुठाय? चार कुठाय?" गर्दीत कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात बन्सी गर्दीतून वाट काढत आला आणि थेट तात्यासाहेबांसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "साहेब, उठा की! माझ्या जागेवर बसलात. मी चार हाय!"

तात्यासाहेब खुर्चीतून अर्धवट उठले, खाली बघितलं, पुन्हा बसले, पुन्हा उठले. "हा काय पोरखेळ..."

"साहेब!" मागून फकिरा पुढं आला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं. "पोरं खरं बोलत्यात. हितं खांब व्हता. तुम्ही बोल्ले, जुनं पडकं हाय, पाडून टाक अन् राडारोडा त्याच्याच भोकात लोट. म्या लोटला. हौद आटला तव्हापासून मला लई वाईट वाटाया लागलं, पण बोलायची छाती झाली नाय."

तात्यासाहेबांचा चेहरा फेट्यासारखा लाल झाला. त्यांनी सगळीकडं बघितलं. लोक रागावले होते, आणि बन्सी अजून कमरेवर हात ठेवून उभाच होता.

"मला... मला वाटलं नुसती विटांची रास आहे," ते हळूच म्हणाले. "खाली काय आहे, ते बघितलंच नाही मी." मग त्यांनी काठी खाली ठेवली, कोट काढला आणि फकिराला म्हणाले, "आण कुदळ. दोन आण!"

त्या संध्याकाळी तात्यासाहेबांनी स्वतः घमेली उचलली. आबांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या. दादी काठावर बसून "अरे हळू, नळ फुटंल!" म्हणून सगळ्यांना दमात घेत होती. दिवस मावळायच्या आत फकिरा कमरेला दोर बांधून खाली उतरला आणि त्यानं अडकलेली शेवटची शिळा हलवली. खालून एकदम घळघळ आवाज आला.

"हौदाकडं!" सारजा ओरडली आणि सगळा मोहल्ला पळत सुटला.

तोटी आधी नुसती फुसफुसली. मग लाल गढूळ पाणी आलं. मग धारेचा रंग फिका होत होत ती स्वच्छ झाली. भागूबाईंनी ओंजळभर पाणी दादीला दिलं. दादी ते प्यायली, आणि तिनं ओला हात सारजाच्या डोक्यावर ठेवला. "जीती रह बेटी! अब्बा असते तर कडेवर घेऊन नाचले असते तुला."

"बाई, पोरगी तुमच्याही पुढं गेली!" तात्यासाहेब म्हणाले.

"जायलाच हवी," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "काय काकासाहेब, लहान तोंडी घास मोठा होता ना?"

लेकीच्या खांद्यावरची माती आबांनी हळूच झटकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजा लिंबाखाली आली आणि जागच्या जागी थबकली. अकरा पोरं होतीच. पण त्यांच्यामागं दादी बसली होती, भागूबाई होत्या, फकिरा होता, तात्यासाहेबसुद्धा खाली मांडी घालून बसले होते. आणि सगळे एकदम बोलत होते!

"आमच्या चिकलठाण्यातबी अशीच एक विहीर हाय..."

"ती नहर न्हवं, ती बारव!"

"मी सांगतो! माझे आजोबा म्हणायचे..." आबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

सारजानं पाटीवर छडी आपटली. "शांतता! आबा, एकेकानं बोलायचं. आणि आधी बोट वर करायचं!"

लिंबाखाली सगळं चिडीचूप झालं. वहिदानं तोंडावर हात दाबला. काकासाहेबांनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं, आणि मग अगदी शहाण्या मुलासारखं बोट वर केलं.