खुंटीवरचा हातोडा

पाताळगड या खेळातली नवी भिंत खणल्यावर तिच्यावर काय कोरलेलं निघेल, हे तो खेळ बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसे. खुजे कोण होते, त्यांचं एवढं मोठं नगर ओस का पडलं, याचा इतिहास कुणी लिहिलेलाच नव्हता. खेळाडूंनी तर्क लढवायचे. त्यातला एखादा भिंतीवर उमटायचा आणि मग तोच इतिहास.

मृण्मयी दर रविवारी बाबांबरोबर खेळाचं शिरस्त्राण डोळ्यांवर चढवून तिथं उतरे. ती चार वर्षांची असताना आई घरातून गेली. "ती आपणहून गेली," यापुढे बाबा, म्हणजे दत्ताराम, कधी बोलले नाहीत. पण आईच्या चपला घरातच राहिल्या होत्या, आणि त्या आठवल्या की मृण्मयीच्या मनात पाल चुकचुके. कायमची निघालेली बाई अनवाणी जाते होय?

खुज्यांची रीत अशी, की कायमचं घर सोडणाऱ्यानं आपला हातोडा उंबरठ्यावर पालथा ठेवायचा. त्या रविवारी राणीचा महाल सापडला. तिचा हातोडा आत खुंटीला टांगलेला होता.

"बाबा, राणी गेली नसणार," मृण्मयी म्हणाली. "तिला बाहेर काढून आतून कडी घातली असणार."

भिंतीवर ते वाक्य सावकाश कोरलं गेलं.

"खेळच तो," दत्ताराम म्हणाले. "चल, जेवायची पानं घे."

त्या भिंतींचं गणित मांडणाऱ्या डॉ. फाल्गुनी आगाशेंना ती दुसऱ्या दिवशी जाऊन भेटली.

"कुठला तर्क खरा, हे भिंतीला कसं कळतं?"

"तिला काय कळणार, कपाळ?" बाई हसल्या. "अनपेक्षित ऐकलं की माणसाच्या नाडीचा ठोका चुकतो, डोळ्यातली बाहुली मोठी होते. शिरस्त्राण ते मोजतं. आम्ही त्याला अचंबांक म्हणतो. तिथं असलेल्या एकाचाही अचंबांक हलला नाही, तरच तर्क कोरला जातो. म्हणजे तो सगळ्यांना पटला."

"बोलणाऱ्याचाही मोजता?"

"हो तर. मनानं रचलेलं बोलतानासुद्धा नाडी थोडी हलतेच."

"आणि एखाद्याला ते पटलं नसेल, आधीच ठाऊक असेल तर?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते आम्ही धरलं नव्हतं. खुज्यांबद्दल कुणाला काय ठाऊक असणार?"

पुढच्या रविवारी मृण्मयीनं आधी खडा टाकून पाहिला. "राणीला गरुडानं उचलून नेलं." भिंत कोरीच राहिली. मग बाबांना कैचीत पकडायचं म्हणून तिनं तोंडाला येईल ते रचलं.

"राणी कितीतरी वेळ दार वाजवत होती. हाका मारत नव्हती, नुसती कडी वाजवत होती. मग ते थांबलं."

अक्षरं उमटू लागली. दत्तारामांनी शिरस्त्राण काढलं आणि ते स्वयंपाकघरात निघून गेले. तिला त्यांना जाब विचारायचा होता, त्याचसाठी तिनं हा डाव मांडला होता. पण मृण्मयी जागची हलली नाही. त्या वाक्याचा अचंबा बाबांना वाटला नव्हता, तसा तो तिलाही वाटला नव्हता.

आई गेली तेव्हा त्यांच्या घराला एकच खोली होती.