पाखराचं छत

चाकणच्या रणझेप मोटर्सच्या प्रयोगशाळेत भालचंद्र ओगले एका लाल गाडीत बसून सकाळपासून गाडीची विनवणी करत होते.

"उघड गं बाई," ते म्हणाले. "छत उघड. मला मोकळी हवा हवीय."

गाडीने जरा विचार केला. मग पंगतीत वाढणाऱ्या एखाद्या मावशीच्या आवाजात ती म्हणाली, "संकोच करू नका. तुम्हाला खरं काय हवंय ते मला कळतं." आणि छत जिथल्या तिथे ठेवून तिने एसी वाढवला.

ओगले निमूट खाली उतरले. एसी खरंच हवाहवासा वाटत होता, हे त्यांना जास्त लागलं.

गाडीचं नाव पाखरू. दोनच माणसांची, कुठल्याही गल्लीत वळेल इतकी आटोपशीर, पण आत शिरलं की राजवाडा. तिचं छत नव्वदच्या वेगातसुद्धा अकरा सेकंदांत घड्या घालून मागच्या पेटीत जाऊन बसायचं. निदान कागदावर तरी. या छतापायी ओगल्यांनी आयुष्यातली चार वर्षं घातली होती. पोरीचा दहावीचा निकाल त्यांना दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळला होता. आता आठ दिवसांवर पाखराचं अनावरण आलं होतं, आणि त्या दिवशी छत उघडलं नाही तर ओगल्यांची रवानगी मडगार्ड विभागात होणार, असं मालक जयसिंगराव दाभोळे ऊर्फ दादासाहेब यांनी भर बैठकीत सांगितलं होतं. मडगार्ड विभागात गेलेला माणूस परत आल्याचं कंपनीत कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

"डॉक्टर, मला एक बटण द्या," ओगले म्हणाले. "साधं, दाबायचं बटण. दोन तारांचं काम आहे."

डॉ. हेमांगी करंदे मेंदूविज्ञानातल्या. पाखरातलं मनोवेधी आसन त्यांनीच बनवलं होतं. त्या पडद्यावरचे आकडे बघत होत्या.

"बटणं दादासाहेबांनीच काढायला लावली, विसरलात? मोठ्या माणसाला बटण दाबावं लागत नाही, मनात आलं की झालं पाहिजे, असं म्हणाले. म्हणून तर मला बोलावलं."

"मग माझ्या मनात आलंय ना! तोंडाने सांगतोय, मनानेही सांगतोय."

"तोंडाचं ती ऐकतच नाही." करंद्यांनी खुर्ची वळवली. "आसनाखाली साडेतीनशे संवेदक आहेत. नाडी, घाम, पाठीच्या स्नायूंचा ताण, पोटातली हालचाल. माणसाला एखादी गोष्ट हवी असली की शरीर आधी पुढे सरतं, जीभ मागून येते. या शरीराच्या बोलण्याला आम्ही देहवाणी म्हणतो. आता देहवाणी एक म्हणते आणि जीभ दुसरंच म्हणते, तेव्हा खरं कोणाचं धरायचं, हे यंत्राला शिकवावं लागतं."

"मग शिकवलं कसं?"

करंदे जरा घुटमळल्या. "पंगत घातली."

"काय घातली?"

"चारशे बारा माणसं बोलावली, या आसनांवर बसवली आणि जिलबी वाढली. मग आग्रह. आणखी एक घ्या, आणखी एक घ्या. सगळे म्हणाले नको, नको, पोट भरलं. ताटावर हात आडवे धरले. आणि देहवाणी सगळ्यांची एकच. हवीय. जितका मोठ्याने नको, तितकी आतून जास्त हवीय."

"सगळ्यांची?"

"साताऱ्याचे एक आजोबा म्हणाले, 'हवीय, दोन वाढा.' तो नमुना सदोष म्हणून आम्ही काढून टाकला."

ओगल्यांनी डोक्याला हात लावला. म्हणजे जीभ खोटी आणि शरीर खरं, हा धडा गाडीने जिलब्यांवर घेतला होता आणि तो आता तिच्या हाडीमांसी मुरला होता.

"पण मग छत का उघडत नाही? गाडी घेणाऱ्याला छत उघडायलाच हवं असतं की!"

"असं तुम्हाला वाटतं." करंद्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "चारशे बारा चाचण्या. छत उघडलं फक्त नऊ वेळा. ऊन, धूळ, ट्रकचा धूर, केसांच्या चिंध्या होण्याचा वैताग. कोणाच्याच देहवाणीला ते नको असतं. आणि ते नऊ जण बघा. हे गृहस्थ. छत उघडलं ते बरोबर साडूच्या बंगल्यासमोर. तीस मीटर पुढे गेले आणि बंद. या बाई. आधीच्या नोकरीतल्या साहेबांच्या फाटकापाशी. लोकांना छत उघडायचं नसतं, ओगले. आपलं छत उघडतं, हे दुसऱ्याला दिसायला हवं असतं."

ओगल्यांच्या जिवात जीव आला. "मग झालंच की! अनावरणाला हजार माणसं बघणार. गाडी स्वतः दादासाहेब चालवणार. त्यांना तर दाखवायचंच असणार."

करंदे खुर्चीत मागे रेलल्या. वर बघून पंख्याकडे डोळे लावून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दादासाहेबांच्या केबिनमध्ये भर मे महिन्यात पंखा बंद का असतो?"

दोघांनीही फरशीकडे पाहिलं.

दादासाहेब अडुसष्ट वर्षांचे. त्यांचे केस मात्र काळेभोर, आणि चार वर्षांत ते एका दोऱ्याइतकेही वाढले किंवा कमी झाले नव्हते. हे रणझेपच्या साडेसहा हजार माणसांना माहीत होतं आणि साडेसहा हजार माणसांपैकी एकानेही ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. तसा लेखी नियम नव्हता. लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ओगले धीर करून केबिनमध्ये गेले. आत भट्टी पेटली होती.

"दादासाहेब, वाऱ्याचा जरा प्रश्न आहे."

"वाऱ्याचा कसला प्रश्न?"

"म्हणजे छत उघडल्यावर वस्तू उडू शकतात."

"कुठल्या वस्तू?"

ओगल्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला. "टोपी वगैरे."

"मी टोपी घालतो?"

"नाही."

"मग?"

ओगल्यांनी रुमालाने कानशील पुसलं.

"ओगले," दादासाहेब म्हणाले, "तुझं धैर्य खचलंय. तू माझ्या शेजारी बसायचं. तिसऱ्या फेरीला मांडवासमोर मी गाडी थांबवीन, म्हणेन उघड, आणि ती उघडेल. नाही उघडली तर तू तिथूनच मडगार्डला चालत जा."

करंद्यांना हे ऐकून उलट बरं वाटलं. "दोघं बसलेत म्हटल्यावर गाडी कोणाचं ऐकते? ज्याची इच्छा जास्त तीव्र त्याचं. घरात तरी दुसरं काय चालतं? दादासाहेबांच्या देहवाणीला नको असणार. तुमच्या देहवाणीला त्याहून जास्त हवंसं वाटलं की छत उघडलं. गाडी उभी, वारा नाही, कोणाचं काही उडणार नाही. फक्त मनापासून हवंसं वाटू द्या."

ओगल्यांनी उरलेले सगळे दिवस सराव केला. डोळे मिटून मडगार्ड बघायचे, मग छत मागायचं. छत काही हललं नाही. नववा प्रयत्न, विसावा, पन्नासावा. प्रत्येक वेळी मावशी म्हणायची, संकोच करू नका, आणि एसी वाढवायची. अकराशे प्रयत्नांनंतर ओगल्यांना स्वतःच्याच शरीराची चीड आली. चार वर्षं खपून केलेलं छत त्यांनाही आतून नकोच होतं.

अनावरणाच्या दिवशी धावपट्टीच्या कडेला मांडव, हजार खुर्च्या, कॅमेरे. दादासाहेब सुकाणूमागे, ओगले त्यांच्या डावीकडे. पहिली फेरी सुरेख झाली. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर दादासाहेबांनी वेग ऐंशीवर नेला. गाडी मांडवाच्या दिशेने निघाली. हजार माणसांकडे बघताना दादासाहेबांना घाम फुटला.

पाखराने तो बरोबर वाचला. "संकोच करू नका," ती म्हणाली, आणि एसी वाढवला.

समोरच्या झरोक्यातून गार वारा सुटला. दादासाहेबांच्या कपाळावर, डाव्या बाजूला, केसांची कड बोटभर उचलली गेली. पुन्हा बसली. पुन्हा उचलली गेली.

ओगल्यांनी ते पाहिलं.

'नको,' ते मनात म्हणाले. 'देवा, नको. मला पोरगी आहे. मला निवृत्तीला चौदा वर्षं आहेत. आत्ता नको, ऐंशीला नको, मांडवासमोर तर नकोच नको.' इतक्या कळकळीने ते आयुष्यात कधी नको म्हणाले नव्हते. जिलबीच्या ताटावर दोन्ही हात आडवे धरावेत तसे त्यांनी दोन्ही हात छताला लावले.

हाताखालचं छत सरकलं.

कुठे अडकलं नाही, कुरकुरलं नाही. अकरा सेकंदांत घड्या घालून ते मागच्या पेटीत जाऊन बसलं. चार वर्षांत इतकं देखणं ते कधीच उघडलं नव्हतं. सहाव्या सेकंदाला दादासाहेबांचा केसांचा टोप उडाला. तो आधी सरळ वर गेला, मग एखाद्या कावळ्यासारखा वळून मांडवाकडे निघाला आणि पहिल्या रांगेत उद्योग खात्याच्या सचिवांच्या मांडीवर अलगद उतरला.

"डाव्या आसनावरच्या पाहुण्यांच्या इच्छेनुसार छत उघडलं आहे," पाखराने बाहेरच्या कर्ण्यांवरून जाहीर केलं. "इच्छेची तीव्रता, शंभरपैकी नव्व्याण्णव."

दादासाहेबांनी एक हात डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्याने सुकाणू धरलं. छत बंद व्हावं असं त्यांच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला वाटत होतं. समोरच्या पडद्यावर त्यांच्या इच्छेचा आकडा सत्त्याण्णव दिसत होता.

"बंद कर," ओगले कळवळून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बाई, पाया पडतो, बंद कर गं."

त्यांची जीभ रडत होती. पण पोट हलत होतं, खांदे हलत होते, आणि आसनाखालच्या साडेतीनशे संवेदकांना, चार वर्षं दाबून ठेवलेलं ते हसू, पहिल्या जिलबीइतकंच स्पष्ट कळत होतं.

दादासाहेबांनी ब्रेक लावला. गाडी मांडवासमोर, ठरलेल्याच जागी, उभी राहिली. छत उघडंच होतं.

"पुरे," ओगले कसेबसे म्हणाले. "खरंच पुरे."

"असं कसं," पाखरू मायेनं म्हणाली. "अजून तुमचं मन भरलेलं नाही."