कंटाळ्याची चाहूल

नवरदेवाची गाडी वर्धा रोडवर कुठेतरी अडकली होती आणि मुहूर्त टळून बराच वेळ झाला होता. तरी नागपूरच्या त्या मंगल कार्यालयात कुणी कुरकुरत नव्हतं. पूर्वी अशा वेळी मुलीचा मामा फाटकाशी येरझारा घालायचा, पोरं खुर्च्यांमधून धावायची, जेवणाच्या पंगती आधी बसवा म्हणून कुणीतरी हळूच सुचवायचं. आता सगळे शांत बसले होते. प्रत्येकाच्या कानामागे बोटाच्या पेराएवढी राखाडी चकती चिकटलेली, डोळ्यांवर पातळ काचांचा चष्मा आणि ओठांवर मंद समाधान. जो तो आपापला खेळ खेळत होता.

त्या चकतीचं नाव 'चाहूल'. ती बनवणारी वृषाली खोब्रागडे त्याच मांडवात बसली होती.

माणसाला कंटाळा येतो त्याच्या जरासं आधी मेंदूत एक विशिष्ट लहर उठते. त्याचं त्यालाही अजून काही कळलेलं नसतं. चाहूल ती लहर टिपते आणि खेळाला कळवते. अशीच लहर याआधी लाखो माणसांच्या मेंदूत उठली तेव्हा ती कशाने शमली, हे खेळ क्षणात शोधतो आणि तेच समोर आणतो. एखादं दार उघडतं, एखादा शत्रू चाल करून येतो, एखादा खजिना हाती लागतो. कंटाळा येतच नाही. वृषालीने ही चकती मुळात खेळांसाठी केलीच नव्हती. तिच्या वडिलांना डायलिसिससाठी तासन् तास पडून राहावं लागे. छताकडे बघत पडलेला त्यांचा चेहरा तिला सहन होत नसे. पहिली चाहूल तिने त्यांच्या कानामागे लावली, आणि त्या दिवशी घरी येताना ते गुणगुणत आले. मग 'अनुरंजन' या खेळ बनवणाऱ्या कंपनीने तिला बोलावून घेतलं, आणि बघता बघता चाहूल घराघरांत पोचली.

मांडवात नजर फिरवताना तिला एकच माणूस चकतीवाचून दिसला. पांढरा शर्ट, दाढीचे खुंट, मान वर करून पंख्याकडे बघणारा. ते मोरेश्वर डहाके होते, पॉलिटेक्निकमधले तिचे सर. ती उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"काय बघताय, सर?"

"अगं वृषाली! हा मधला पंखा पाय ओढत फिरून राहिला बघ. त्याचा झोत आला की त्या बाईंचा पदर उडतो, पदर शेजारच्या गृहस्थांच्या नाकाला लागतो आणि ते खेळातून डोकं न काढता नाक खाजवतात. पंख्याच्या कितव्या फेरीला खाजवतील, याची मी स्वतःशीच पैज लावून राहिलो. दोनदा जिंकलो."

वृषाली हसली. सर पूर्वीपासून असेच. ती शाळेत असताना सरांनी एकट्याने एक संगणक-खेळ केला होता, 'सावली'. त्यात खेळणारा म्हणजे कडुनिंबाची सावली. सूर्य आपल्या हातात नाही, आपण फक्त फांद्या थोड्याशा हलवायच्या. एकीकडे बाजेवर निजलेलं बाळ, दुसरीकडे वाळत घातलेले पापड. बाळावर ऊन येऊ द्यायचं नाही आणि पापडांवरचं ऊन अडवायचं नाही. गुण नाहीत, शत्रू नाहीत, दिवस मावळला की खेळ संपला. असलं काही त्याआधी कुणी केलं नव्हतं. उन्हाळ्यात पाय मोडून खाटेवर पडलो होतो, खिडकीतून दुसरं काही दिसतच नव्हतं म्हणून सुचलं, असं सर वर्गात सांगायचे. तो खेळ खेळूनच वृषाली या क्षेत्रात आली होती.

"तुमच्या कंपनीचे खेळ पाहिले मी," सर म्हणाले. "नावं वेगळी, चित्रं सुंदर. पण एक खेळलं की सगळे खेळल्यासारखे."

"सर, तुमच्या काळीही नकलाच जास्त होत्या. आपल्याला फक्त चांगले तेवढे आठवतात."

"ते खरं आहे," त्यांनी लगेच मान्य केलं. "शंभरातले नव्याण्णव नकलाच असायचे. पण एखादा वेडा निघायचा ना. आता वेडा कुठून निघेल?"

यावर वृषालीकडे उत्तर होतं, पण ते द्यायच्या आत तिचं लक्ष त्यांच्या शर्टाच्या उसवलेल्या काठाकडे गेलं. सरांच्या पत्नी, नलिनीकाकू, जाऊन वर्ष होत आलं होतं. तिने घरचं विचारलं तेव्हा सरांची नजर पुन्हा पंख्याकडे गेली.

"सकाळ जाते कशीबशी. दुपारी घर खायला उठतं."

दुसऱ्याच दिवशी वृषालीने त्यांच्या घरी नवी चाहूल आणि चष्मा पोचवला. स्वतः जाऊन तिने ती त्यांच्या कानामागे लावून दिली. सर नको नको म्हणत होते. "थोडे दिवस वापरून तर बघा, माझ्यासाठी," असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी मान पुढे केली.

काही महिन्यांनी अनुरंजनने 'सावली' नव्याने काढायचं ठरवलं. आताच्या खेळांत नावीन्य नाही अशी ओरड लोकांत वाढत होती, आणि जुन्या गाजलेल्या खेळाचं नाव त्यावर उतारा ठरेल असं प्रमुख कपिल सराफ यांना वाटत होतं. सरांची संमती घ्यायची आणि त्यांच्याकडून काही नव्या कल्पना आणायच्या, हे काम वृषालीकडे आलं. ती आनंदाने प्रतापनगरातल्या त्यांच्या घरी गेली.

सरांनी दार उघडलं तेव्हा ती चकित झाली. दाढी गुळगुळीत, गालांवर तजेला, अंगावर इस्त्रीचा शर्ट. खिडकीशी नलिनीकाकूंची खुर्ची असायची, ती तिथे नव्हती. "अडचण होत होती, शेजाऱ्यांना देऊन टाकली," सर सहज म्हणाले.

"सर, नव्या 'सावली'त काय असावं?"

"त्याचा मी विचार करूनच ठेवला आहे!" ते उत्साहाने पुढे सरकले. "सावलीला शक्ती द्यायची. वाटेत प्रकाशाचे मणी असतील, ते गोळा केले की ती मोठी होते. मग अंधाराचा राजा येतो. त्याला हरवलं की पुढचं जग उघडतं. तिथे पुन्हा मणी, पुन्हा राजा, पण आधीच्यापेक्षा मोठा."

हाच खेळ अनुरंजनने मण्यांऐवजी शंखांचा करून काढला होता. त्याआधी पिसांचा.

"आणि ते बाळ, सर? पापड?"

"कोणतं बाळ?" त्यांनी विचारलं. मग आठवून हसले. "हां, ते! ते फार संथ होतं गं. लोक कंटाळतील."

परत येताना तिने गाडी अंबाझरी तलावाच्या कडेला थांबवली आणि तशीच बसून राहिली. मांडवातला पंखा तिला दिसत होता. ज्या माणसाला एका लंगड्या पंख्यातून खेळ सुचत होता, त्याच्या कानामागे तिने स्वतःच्या हाताने चकती लावली होती. तीही मायेने.

कचेरीत आल्यावर तिने सरांच्या चाहुलीतल्या नोंदी उघडल्या. कंटाळ्याची लहर दुपारभर उठत होती आणि दर वेळी शमवली जात होती. तिच्या मनात एक शंका आली, म्हणून तिने अनुरंजनमधल्या खेळ-रचनाकारांच्या नोंदीही पाहिल्या. सगळेच चाहूल लावून काम करत. त्यांच्याही लहरी अशाच उठताक्षणी विझलेल्या होत्या, आणि कित्येक वर्षांत त्यांच्यापैकी एकानेही आधीच्या खेळांत नसलेली एकही गोष्ट सुचवली नव्हती.

ती सराफांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, कंटाळा आला नाही तर काही सुचत नाही?"

"ती लहर उठली की मेंदू बाहेर काही मिळतंय का बघतो. नाही मिळालं तर स्वतःच काहीतरी रचायला लागतो. आपण त्याला तिथवर जाऊच देत नाही."

"वृषाली, दवाखान्यातले रुग्ण, एकटी म्हातारी माणसं, सगळी सुखात आहेत. तुमचे वडील शेवटपर्यंत सुखात होते. यातलं कोणाचं सुख काढून घ्यायचं, ते सांगा."

पण जागेवर येऊन तिने एक गोष्ट केली, आणि ती कुणाला न विचारता केली. सरांच्या चाहुलीची मांडणी तिने कचेरीतूनच बदलली. चकती लहर टिपणार होती, पण खेळाला काहीच कळवणार नव्हती.

नंतरचे दिवस ती फोन वाजला की दचकत होती. सरांचा फोन आला तो रविवारी सकाळी. "घरी ये," एवढंच म्हणाले.

दार उघडंच होतं. सर पलंगावर बसले होते, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. चकती आणि चष्मा समोरच्या टेबलावर पडले होते.

"हे तू केलंस का?"

"हो, सर."

"मला आधी वाटलं, यंत्र बिघडलं. मग कळलं, यंत्र ठीक आहे. नलिनी गेली ते मला आता कळून राहिलं आहे. तेव्हा थोडी थोडी आठवायची ती. रडायचो, गप्प व्हायचो. मग ही चकती आली आणि आठवणंच थांबलं. आता सगळी एकदम आठवते. तिची खुर्ची मी देऊन टाकली, वृषाली. हसत देऊन टाकली."

वृषाली समोर जमिनीवर बसली. "मला वाटलं, तुम्हाला पुन्हा काही सुचेल."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणजे लावलीस तेव्हाही तूच ठरवलंस आणि बंद केलीस तेव्हाही तूच." आवाज चढला नव्हता. त्यामुळे ते शब्द तिला जास्त लागले.

"मी आत्ता पूर्ववत करते, सर. एका मिनिटाचं काम आहे." तिने फोन काढला.

सरांनी टेबलावरच्या चकतीकडे पाहिलं. त्यांचा हात एकदा तिकडे गेलाही. मग त्यांनी तो मागे घेतला. "थांब. आधी हे बघ. मग सांगतो, पूर्ववत कर की नको कर."

त्यांनी तिला आपल्या जुन्या संगणकापुढे बसवलं. "तुझी ती चाहूल काढून ठेव. हा खेळ मी गेल्या काही दिवसांत रचला, तो तिला ओळखत नाही."

वृषालीने कानामागची चकती काढली. गेल्या कित्येक वर्षांत झोपेखेरीज ती तिने कधी काढली नव्हती. कानामागचा तेवढा भाग गार पडला.

पडद्यावर एका घराचा साधा आराखडा होता. खोल्या, दारं, एक लांब बोळ.

"यात मी कोण?" तिने विचारलं.

"हाक."

"म्हणजे?"

"स्वयंपाकघरातून कुणीतरी कुणाला तरी हाक मारली आहे. ती हाक म्हणजे तू. दार बंद असलं की अडतेस. पडद्याला लागलीस की मऊ होतेस. रिकाम्या खोलीत घुमतेस, जराशी मोठी होतेस. ज्याच्यासाठी मारली, त्याच्यापर्यंत पोचायचं."

"तो कुठे आहे?"

"ते हाकेला कुठे ठाऊक असतं?"

तिने खेळ सुरू केला. कुठलाही आवाज नव्हता, पडद्यावर एक फिकट वर्तुळ पसरत बोळात शिरलं. पहिल्या खोलीत कुणी नव्हतं. दुसरीतही नव्हतं. वर्तुळ फिकट होत चाललं. ती परत फिरली, एका दारावर आपटली, पुन्हा बोळात आली. काहीही उघडलं नाही. कुणी चाल करून आलं नाही, काही हाती लागलं नाही. थोड्याच वेळात तिचे पाय हलायला लागले. हात आपोआप कानामागे गेला आणि रिकाम्या कातडीवर फिरला. आता खेळाने काहीतरी करायला हवं होतं. खेळ काहीच करत नव्हता.

"असं किती वेळ चालतं, सर?"

"मला तरी कुठे ठाऊक आहे? तो माणूस दर वेळी वेगळीकडे असतो. कधी कधी नसतोच."

"नसतोच? मग हा कुणी खेळणार नाही. खरंच सांगते, आज एकही माणूस हा खेळू शकणार नाही. मीच..." ती थांबली. आजच्या माणसांना असं कुणी केलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मांडवात समाधानाने बसलेली ती सगळी माणसं तिच्या डोळ्यांपुढे आली. त्यांनाही आता असंच, न विचारता, या रिकाम्या बोळात आणून सोडायचं? आणि विचारलं, तर हो कोण म्हणेल?

"नको असेल तर ऊठ," सर म्हणाले. "मी अडवत नाही. तुझं तू ठरव."

वृषाली उठली नाही. वर्तुळ जवळजवळ दिसेनासं झालं होतं. डोळ्यांत पाणी का आलं हे तिला कळत नव्हतं. ती बोळाच्या टोकाशी पोचली होती. तिथे एक दार अर्धवट उघडं होतं आणि आतलं काही दिसत नव्हतं.

"कंटाळा आला?" सरांनी विचारलं.

तिने उत्तर शोधून पाहिलं. हा कंटाळा होता, भीती होती, की कंटाळ्याच्या पलीकडचं ते दुसरंच काहीतरी, ज्याच्यापर्यंत तिने इतकी वर्षं कुणालाच पोचू दिलं नव्हतं?