एन्लार्जरच्या काचेवरचं कुंकू

भूमिका दोंडाईचा स्टेशनाबाहेर आली आणि शिंकली. जानेवारीत या गावात येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत असंच होतं. वाळत घातलेली मिरची पाहुण्यांत भेदभाव करत नाही. शिंकांच्या मध्येच कुणीतरी रुमाल पुढे केला.

"मोतीलाल फोटो स्टुडिओ कुठे आहे?" तिनं रुमालातूनच विचारलं.

"मी तिथलाच. योगराज. पासपोर्ट की झेरॉक्स?"

"एन्लार्जर."

तो बघतच राहिला. मुलींनी त्याच्याकडे आजवर बरंच काही मागितलं होतं, पण ते सगळं झेरॉक्सच.

भूमिका जळगावची. तिच्याकडे लाकडी पेटीचा मोठा कॅमेरा होता आणि त्याची निगेटिव्ह पोस्टकार्डाएवढी. धान्याची खोली रिकामी करून तिनं घरी डार्करूम केली होती. "मुलगी शिकलेली आहे, फक्त अंधारात बसते," असं आई स्थळांना सांगे. पण एवढ्या मोठ्या निगेटिव्हवरून फोटो मोठा करणारं यंत्र काही मिळेना. भंगारात दिसत ते सगळे एन्लार्जर लहान निगेटिव्हचे. मोठा एकच, दोंडाईच्याच्या या स्टुडिओत, असं तिला कळलं होतं. तो मिळाला नाही, तर खोलीत पुन्हा गहू येणार होता.

स्टुडिओच्या आतल्या खोलीत ते यंत्र उभं होतं. माणसाएवढं उंच, गळ्यात झेंडूचा वाळका हार. भूमिकानं हात पुढे केला.

"हात नको लावू, पोरी!" योगराजचे आजोबा, मोतीलाल नाना, खुर्चीतून अहिराणीत गरजले. "हाई इकानी वस्तू नही. पूजानी शे. घरना माणूसच हात लावस."

म्हणजे विकायचं तर नाहीच, परक्यानं शिवायचंही नाही. यंत्र वापरून जमाना झाला होता, पण खंडेनवमीची पूजा नानांनी एकदाही चुकवली नव्हती. पूजेच्या कुंकवाचा करंडा शेजारीच फळीवर असे.

"यंत्र चालतं तरी का, नाना?"

हा बाण नानांना लागला. ते ताठ बसले.

"मग एक फोटो काढून दाखवू," भूमिका म्हणाली. "हात योगराज लावतील. मी नुसती बोलेन."

"बोलाले हरकत नही," नाना म्हणाले. त्यांचं लग्न होऊन पन्नास वर्षं झाली होती. बोलण्याला हरकत घेऊन चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

फोटो कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. भूमिकानं अंगणात योगराजसमोर कॅमेरा उभा केला आणि काळ्या कापडात डोकं घातलं.

"या काचेत तुम्ही उलटे दिसता," आतून आवाज आला.

"मग... सरळ कधी दिसेन?"

"घाई नाही. उलटेही बरे दिसता. हलू नका!"

पुढच्या रविवारी ती निगेटिव्ह धुऊन घेऊन आली. आतल्या खोलीत लाल दिवा लागला. योगराजनं काचा पुसल्या, निगेटिव्ह त्यांच्यामध्ये ठेवली आणि यंत्र वर-खाली करणाऱ्या मुठीला हात घातला.

"वर... अजून वर... थांबा. जरा खाली."

"घरीसुद्धा असंच चालतं का?"

"घरी अजून ऐकणारं कुणी नाही."

मूठ उगाचच अर्धा फेरा जास्त फिरली.

कागद औषधात बुडाला. हळूहळू केस आले, डोळे आले... आणि कपाळाच्या बरोब्बर मध्ये एक पांढरा गोल ठिपका. तिथं उजेड पोचलाच नव्हता.

"काच पुसली होती ना?"

"सगळी पुसली. काचेवरचं नानांचं कुंकू तेवढं राहू दिलं. पूजेचं कसं पुसणार?"

"ते ठीक. पण बरोब्बर कपाळावरच?" भूमिकानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "निगेटिव्ह सरकवलीत तुम्ही."

"...बोटभर."

"का?"

"ठिपका गालावर आला असता तर तुम्ही नुसत्या रागावला असता," तो म्हणाला. "कपाळावर आला, तर... निदान विचार कराल, असं वाटलं."

तिनं फोटो पुढच्या औषधातून काढला, पाण्यात खळबळला. मग फळीवरच्या करंड्याकडे हात नेला आणि ओल्या फोटोवर बोट टेकवलं. लाल उजेडात लाल रंग दिसत नाही. योगराजला पांढरा ठिपका जसाच्या तसा दिसला. तिनं नुसता डाग चाचपला, असं समजून तो खाली मान घालून तिच्यामागे अंगणात आला.

उन्हात नानांनी फोटो हातात घेतला. कपाळावर लालभडक टिळा होता.

योगराजला शिंक आली. या वेळी रुमाल तिनं पुढे केला. त्याचाच होता.

"कुकू लागी गयं!" नाना ओरडले. "बठ्ठं ठरी गयं मंग!"

"नाना, आता यंत्राला हात लावू?"

"लाव ना! घरनी शे तू आते."

"पण ते जळगावला न्यायचंय. खोली तिथं तयार आहे."

नानांचा चेहरा पडला. "पूजानी वस्तू घर सोडी कशी जाई?"

"घरचं माणूस सोबत येतंय की," भूमिका म्हणाली आणि योगराजकडे वळली. "येताय ना?"

"वर... की खाली?" त्यानं विचारलं.

"टेम्पोत पुढे. माझ्या शेजारी."