शिडीवरून उतरलेला घड्याळजी

स्क्रू नेमका तिच्या हातातल्या रिपोर्टवर पडला, आणि तिला कळलंसुद्धा नाही.

"सॉरी हं! तेवढा द्याल का वर?" दवाखान्यातलं बंद घड्याळ उघडून बसलेला तरुण शिडीवरून म्हणाला.

तिनं वर पाहिलं. चेहरा पांढराफटक. ती पोहायला शिकवायची. धडधाकट, कधी साधा ताप नाही. हौसेनं रक्तदान केलं, तर रक्तपेढीतून फोन — पुन्हा तपासणी करा. आणि आत्ताच डॉक्टरांनी सांगितलं होतं... हेपेटायटिस बी. घरच्यांनाही तपासा.

"जवळ येऊ नका," ती पुटपुटली. "मला... काविळीचा विषाणू आहे."

तो खाली उतरला आणि सरळ तिच्या शेजारी बसला.

"शेजारी बसल्यानं होतो?"

"नाही म्हणे. रक्तातून..."

"मग उगाच का घाबरवताय? चहा घेणार?"

तिला हसू आलं नाही. पण चहा घेतला.

आईच्या रक्तातही तोच विषाणू निघाला. "जन्मतःच दिला गं मी तुला..." आई हबकून एवढंच म्हणत राहिली. लेक तिच्या कुशीत शिरली. डॉक्टरांनी समजावलं — दोघींचा विषाणू सध्या शांत आहे, औषध नको. पण दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी चुकवायची नाही.

घड्याळजी मात्र पाण्याला घाबरत असूनही पोहायला शिकायला आला. "बुडालो तर तुम्ही आहातच की!" ती खळखळून हसायची... आणि मधेच त्याच्यापासून दूर सरकायची.

पुढच्या तपासणीला तो सोबत आला. रिपोर्ट चांगले होते. बाहेर पडताना तिनं धीर केला.

"आपण इथंच थांबू या. लग्न, संसार... माझ्यामुळे तुम्हाला काही झालं तर?"

त्यानं बाही वर सरकवली. दंडावर कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी.

"लस. तिसरी. तुम्ही आत होतात तेव्हा घेतली. महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासून खात्री करायची, की झालं."

"तिसरी? म्हणजे पहिली...?"

"आपण चहा प्यायलो ना — त्याच आठवड्यात."

"अहो, पण तेव्हा तर आपण जेमतेम अर्धा तास बोललो होतो!"

"हो ना..." तो कानापर्यंत लाल झाला. "मीही हबकलोच होतो."

त्याचा दुखरा दंड सांभाळत तिनं त्याचा हात धरला.

"चल," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत. "आईला सांगू या."

"आत्ता?"

"आत्ताच!"